भोरड्या पाहायला गेलो आणि वारलो

माझ्या निधनाची बातमी माजिवड्याहून ठाण्याला आम्ही सगळ्यांनी मिळून छकड्यातून आणली. बैल मीच हाकत होतो.

मुळात मला पक्ष्यांची आवड नाही. कधीच नव्हती. ती होती आमच्या साहेबाला! ठाण्याला जंगल खात्याच्या कचेरीत मी कारकून होतो. साहेब एरवी भला माणूस. पण फाल्गुन सरून चैत्र लागला की त्याच्या अंगात यायचं. थंडीत आपल्याकडे पाहुणे आलेले पक्षी ह्या दिवसांत आपापल्या मुलखाला परत निघतात. कोण निघालं, कोण अजून रेंगाळतंय, ह्याची त्याला फार काळजी. आम्ही कारकून दिवेलागणीपर्यंत कचेरीत रेंगाळत असू, त्याची कुणाला काळजी नव्हती. (आमच्याकडे कधी कुणी दुर्बीण लावून पाहिलं नाही.)

त्या वर्षी नेमके साहेबाचे डोळे आले. लाल भोपळ्यासारखे सुजले आणि डॉक्टरने त्याला अंधाऱ्या खोलीत बसवला. शनिवारी त्याने मला आत बोलावलं, चाचपडत माझा हात धरला आणि त्यात आपली दुर्बीण ठेवली. माजिवड्याच्या पळसांवर भोरड्यांचे थवे उतरलेत असं त्याच्या कानावर आलं होतं. मी रविवारी सकाळी जाऊन ते आहेत की गेले, एवढं पाहून यायचं आणि संध्याकाळी शिपाई दुर्बीण न्यायला येईल त्याच्याजवळ निरोप द्यायचा.

"काचेला बोट लावू नको," साहेब म्हणाला. त्याचं मराठी बेताचं होतं, पण हे वाक्य त्याने अगदी स्वच्छ म्हटलं.

मी एकटा गेलो असतो तर आज ही हकिगत सांगायची वेळच आली नसती. पण मी घरात बोललो! आमच्या घरात आत्याबाईंचं राज्य होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी वैधव्य आलं तेव्हापासून त्या आमच्याकडेच. मला त्यांनीच वाढवलं आणि त्यामुळे मी मोठा झालो हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. माजिवडा म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "तिथल्या देवीची ओटी पाडव्यापासून राहिलीय. आम्हीही येतो." आम्ही म्हणजे त्या आणि आमचं कुटुंब. मग बायका येणार म्हणून गाडी हवी, गाडी हवी म्हणून शेजारच्या विसूभाऊंचा छकडा, आणि छकडा म्हणून विसूभाऊ! हा गृहस्थ छकड्याबरोबर फुकट यायचा. स्वभावाने अत्यंत गोड. इतका गोड, की कुणाला वाईट वाटेल असं एक अक्षर त्याच्या तोंडून निघत नसे. हे पुढे फार महागात पडलं.

पहाटे निघालो. उजाडता उजाडता माजिवड्याच्या शिवेवर पोचलो. ओटी भरून झाली, आणि भाताच्या कोरड्या खाचरांच्या कडेला पळस होते तिथे छकडा सोडला. मी दुर्बीण काढली, लांब केली, डोळ्याला लावली. काळोख!

"दिसलं का काही?" विसूभाऊ.

"रात्र दिसतेय."

"झाकण काढलंत का?"

झाकण काढलं. मग मला एक जाड काळी काठी दिसली. बराच वेळ निरखल्यावर कळलं, की ती माझ्याच पापणीचा केस. नंतर मी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. शेवटी एकदाची दुर्बीण जमली आणि खंड्या दिसला. निळा, देखणा, तारेसारखा ताठ बसलेला. मी उत्साहाने सांगितलं.

"कुठल्या हाताला?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांच्या लेखी पक्ष्यांच्या दोनच जाती होत्या, शुभ आणि अशुभ. आणि त्याही ते कुठल्या हाताला दिसतात त्यावर बदलत. विसूभाऊंची एकच जात होती. काहीही दाखवा, ते म्हणत, "चिमणीच. जरा अंगाने आहे." बगळ्यालाही ते तेच म्हणाले.

आणि तेवढ्यात भोरड्या आल्या. आधी नुसता कलकलाट, आणि मग आभाळातून कुणी मूठभर तीळ भिरकवावे तसा थवा. सगळा एकदम वळला, एकदम खाली आला आणि पळसावर बसला. दुर्बिणीतून पाहतो तो काय, अंग गुलाबी, डोकं काळं कुळकुळीत, पळसाच्या उरल्यासुरल्या फुलांत चोची खुपसून मध ओढताहेत, एकमेकींवर ओरडताहेत, लांबच्या प्रवासाआधी शिदोरी बांधून घेताहेत. ह्या एवढ्याशा जिवांना म्हणे हिमालयापलीकडे जायचं असतं! खरं सांगतो, क्षणभर मला साहेबाचं वेड कळलं. मला आनंद झाला. तो आनंद एकट्याने भोगून गप्प बसलो असतो तर शहाणा ठरलो असतो. मी काय केलं? मोठ्याने वर्णन सुरू केलं!

"शेकडो आहेत! हा पळस भरला... तो पांगारा भरला... पलीकडे आंबा आहे, त्यावर नाहीत. आंब्यावर दोन कावळे आहेत. भांडताहेत बहुतेक. हो, जुंपलीय. एक खाली पडलाय आणि दुसरा त्याच्या पाठीवर... पंख पसरून... चोचीने मानगूट धरलीय त्याची... आणि आता..."

आता मी गप्प झालो. भांडण नव्हतं ते.

मागे फक्त बैल रवंथ करत होता. विसूभाऊंनी हळूच तोंड फिरवलं. आमच्या कुटुंबाने पदर तोंडाला लावला. आणि आत्याबाई कडाडल्या, "नाऱ्या! डोळा काढ तिथनं!"

मी डोळा काढला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नव्या पिढीला हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. कावळा-कावळीचा तसला एकांत कुणाच्या दृष्टीस पडू नये. पडला, तर पाहणारा वाचत नाही, अशी समजूत. आता कावळे काही दार लावून घेत नाहीत, पण तरी ते सहसा कुणाला दिसत नाहीत हे खरं. त्यावर तोडगा एकच. पाहणारा मेला अशी खोटी बातमी त्याच्या आप्तांकडे धाडायची. त्यांनी ती खरी मानून डोळ्यांतून पाणी काढलं, की यमाचं काम भागलं. रडणं झालं, म्हणजे मरण झालं, असा तो हिशेब. मग दुसरा निरोप पाठवून 'जिवंत आहे' म्हणून कळवायचं. आत्याबाईंच्या शास्त्राप्रमाणे हे सगळं त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं होतं.

"आत्याबाई," मी म्हणालो, "गेल्याच महिन्यात वाचनालयात शकुन-अपशकुनांविरुद्ध माझं भाषण झालं. टाळ्या पडल्या होत्या."

"त्याचंच हे फळ!"

"पण ते कावळे केवढे लांब होते! नुसत्या डोळ्यांनी दिसलेही नसते!"

"तेच म्हणते मी! देवाने लांब ठेवलं होतं ते तू काचा लावून जवळ आणलंस आणि मोठं करून पाहिलंस!"

विसूभाऊंनी मध्ये तोंड घातलं. "नाही, पण काचेतून पाहिलेलं धरतात का? ग्रहणसुद्धा आपण काजळी धरलेल्या काचेतून..."

"ग्रहणाचं सुतक लागतं की नाही?"

"लागतं," विसूभाऊ म्हणाले आणि बैल जुंपायला गेले.

मी अजून वाद घातला असता. पण तेवढ्यात माझं लक्ष आमच्या कुटुंबाकडे गेलं. ती मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून छकड्याच्या चाकाशी उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. आमच्या मागल्या आळीत तिची एक मैत्रीण होती, तिच्याच वयाची. गेल्या पावसाळ्यात तिचा नवरा तापाने गेला, आणि पुढे दहाव्या दिवशी न्हावी बोलावून तिचं जे केलं ते हिने दाराच्या फटीतून पाहिलं होतं. त्यानंतर पुष्कळ दिवस ही केसांना तेल लावायला बसली की रडायची. मला त्या क्षणी माझ्या भाषणाची लाज वाटली असं नाही, पण भाषण काही उपयोगाचं नाही एवढं कळलं.

"बरं," मी म्हणालो, "मारा मला."

परतताना छकड्यात माझ्या मृत्यूचा बेत ठरला. रडणार कोण, हा मुख्य प्रश्न. आत्याबाई बाद, कारण त्यांना खरं माहीत. कुटुंब छकड्यात बसल्यापासून ढसाढसा रडत होतं, पण तेही बाद. माझे आईवडील कधीच गेलेले; मला ना भाऊ, ना बहीण. उरली कल्याणची सासुरवाडी. तिथे आमच्या सासूबाई म्हणजे हुकमी माणूस! दुसऱ्याच्या मुलीची पाठवणी पाहूनही त्यांचा पदर भिजतो; कीर्तनात बुवा नुसते खाकरले तरी ह्यांच्या डोळ्यांत पाणी. सासरे तात्यासाहेब मात्र नेमके उलटे. जन्म कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेलेला. फाशीच्या शिक्षा त्यांनी पान लावता लावता ऐकलेल्या. त्यांच्याकडून आशाच नव्हती.

"तार करू," मी म्हणालो. मला हे लवकर उरकायचं होतं.

"तारेने कुणाला रडू येत नाही. माणूस समोर हवा," आत्याबाई म्हणाल्या आणि आम्ही सगळ्यांनी विसूभाऊंकडे पाहिलं.

विसूभाऊंचा चेहरा पडला. "मी? अहो, मला वाईट बातमी सांगता येत नाही! आमच्या घरचं मांजर मेलं तेव्हा मुलांना मी अजून ते काशीला गेलंय म्हणूनच सांगतोय."

"आता जा," आत्याबाई म्हणाल्या. "सरळ सांगायचं, नारायण गेला. रडणं झालं की लगेच सांगायचं, आहे."

त्यांना दुपारच्या आगगाडीत बसवून दिलं. इकडे मला माळ्यावर चढवण्यात आलं. मेलेल्या माणसाने ओसरीवर सुपारी कातरत बसणं बरं दिसत नाही! तोंडाला पदर लावून कुटुंब म्हणालं, "इकडून आता खाली येणं होऊ नये," आणि शिडी काढून घेतली. चैत्रातलं ऊन, वर तापलेली कौलं, खाली चूल. माळ्यावर आमसुलं, जुने पाट, एक मोडका पाळणा आणि मी. मेल्यावर माणसाला गारवा लागतो ही समजूत साफ चूक आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

विसूभाऊंची वाट पाहता पाहता उन्हं कलली. आणि दारात कोण आलं? साहेबाचा शिपाई! मी त्याला पार विसरलो होतो. फळीच्या फटीतून मला ओसरी दिसत होती. आत्याबाई त्याला 'थांब' म्हणणार तोच त्यांच्या मनात काहीतरी आलं. रडायला आप्तच हवा असं थोडंच आहे? माणूस हाताशी आलाय, आणि विसूभाऊंचा नेम नाही! त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"काय सांगू बाबा! नारायणराव सकाळीच गेले!"

"कंय गेले?"

आत्याबाईंनी वर बोट केलं. मी दचकलो, पण त्यांना माझ्याही वरची जागा अभिप्रेत होती.

"अरारारा!" शिपाई म्हणाला. आत्याबाई पुढे वाकून त्याच्या डोळ्यांत पाहू लागल्या. मीही फळीला डोळा लावला. शिपायाने डोकं खाजवलं, एक सुस्कारा सोडला आणि विचारलं, "मंग दुर्बीन कोनाजवल हाय?"

दुर्बीण आणून दिली. त्याने ती उघडली, काच उजेडात धरून पाहिली, धोतराने पुसली. माझ्याकडून चार वर्षं रोज तंबाखू काढून घेणारा हा माणूस!

"फुटली नाय ना कंय?" तो म्हणाला. "आन सायबाला काय सांगू? भोरड्या हायेत का गेल्या?"

"उडाल्या सगळ्या!" आत्याबाई चिडून म्हणाल्या.

मी माळ्यावर हात चावला. अहो, उडाल्या नव्हत्या! शेकडो होत्या! ज्या कामापायी मी जिवाला मुकलो ते एकुलतं एक काम, आणि त्याचाही निरोप चुकीचा गेला! (दुसऱ्या दिवशी माझा आवाज ऐकून साहेबाने अंधाऱ्या खोलीतून पहिला प्रश्न विचारला तो भोरड्यांचाच. मी कसा परत आलो हे त्याने आजतागायत विचारलेलं नाही.)

शिपाई गेला. डोळे कोरडे ते कोरडेच.

सूर्य समोरच्या नारळाच्या झावळ्यांत शिरला तेव्हा एकदाचे विसूभाऊ दिसले. पण एकटे नव्हते. त्यांच्या पुढे, डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, हातात काठी, असे साक्षात तात्यासाहेब! मागून विसूभाऊ आत्याबाईंना डोळ्यांनी, भुवयांनी, दोन्ही हातांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. ते मला पुढे सविस्तर कळलं. गेले तेव्हा पानं मांडलेली होती. 'पानावरच्या माणसाला असं कसं सांगायचं' म्हणून हेही बसले. आंबेडाळ दोनदा घेतली. जेवण झाल्यावर सांगणार, तर सासूबाई इतक्या आनंदात लेकीची खुशाली विचारू लागल्या, की ह्यांची जीभ रेटेना. मग वामकुक्षी. शेवटी निघता निघता म्हणाले, "नारायणराव जरा... म्हणजे तसे बरेच... म्हणजे पोटात किंचित दुखतंय." माझ्या मृत्यूवर सासूबाईंनी पुरचुंडीत ओवा बांधून दिला! पण तात्यासाहेबांनी आयुष्यभर साक्षीदार ऐकलेले. हा इसम काहीतरी लपवतोय हे ओळखून त्यांनी पगडी चढवली आणि ते त्याच गाडीत बसले.

आत्याबाईंना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की सूर्य चालला आणि दारात आप्त आला. त्या ओसरीवरून ओरडल्या, "तात्यासाहेब! नारायण गेला हो!"

तात्यासाहेब अंगणात जागच्या जागी थांबले. मी वरून पाहत होतो. त्यांच्या मिशीचा एक केस हलला नाही.

"पोटात दुखत होतं ना?" त्यांनी विसूभाऊंकडे वळून विचारलं.

"तेच वाढलं," आत्याबाई म्हणाल्या.

"केव्हा?"

"सकाळी."

"सकाळी. आणि हे गृहस्थ दुपारी आमच्याकडे आंबेडाळ खात होते." ते पायऱ्या चढून आले. "कुठे ठेवलंय?"

"नेलंसुद्धा. ऊन फार होतं."

"कल्याणला न कळवता?"

झाली उलटतपासणी सुरू! आता खरं तर आत्याबाईंनी हरायला हवं होतं. पण त्यांनी दुसरा डाव टाकला. माझे गुण आठवून गळा काढला, म्हणजे तात्यासाहेबांना पाझर फुटेल. "काय गुणाचा होता हो पोर!" त्या म्हणाल्या, आणि अडल्या. मी फळीला कान लावला. चांगलाच वेळ गेला. "...ताटात वाढलेल्याला कधी नावं ठेवली नाहीत हो त्याने!"

लहानपणापासून ज्यांनी वाढवलं त्यांना एवढंच आठवलं! मी वरून गुण सुचवणार होतो, पण मलाही चटकन काही सुचेना. एवढ्यात हुंदका ऐकू आला. मी आशेने पाहिलं. विसूभाऊ रडत होते! त्यांच्याने माझं जाणं सहन झालं नाही. मी जिवंत आहे हे ज्या तिघांना पक्कं माहीत होतं त्यांतला हा एक, आणि धाय मोकलून रडतोय! आणि ज्याने रडायचं तो खांबासारखा उभा!

"यमू कुठे आहे?" तात्यासाहेबांनी विचारलं.

यमू म्हणजे आमचं कुटुंब. ते स्वयंपाकघरात, दार लोटून. तिला बाहेर काढायची सोयच नव्हती. खोटं मरण झालं तरी सवाष्णीचं कुंकू पुसायचं कसं? ते पुसलं तर दुसराच अपशकुन! म्हणून तिला दुपारीच आत बसवली होती.

"तिला आत्ता भेटू नका," आत्याबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"का?"

"नका हो. बघवणार नाही तुम्हाला."

हे वाक्य आत्याबाईंनी कसं काढलं कोण जाणे, पण ते लागलं. तात्यासाहेबांची काठी प्रथमच हलली. त्यांनी एकदा माजघराकडे पाहिलं, एकदा त्या लोटलेल्या दाराकडे. अशा दाराआड काय असतं ते त्यांच्या पिढीच्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं. "आत्याबाई, बाजूला व्हा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

त्यांनी दार ढकललं. मी चुलीवरच्या फटीकडे सरकलो.

चुलीपाशी यमू बसली होती. सकाळपासून भ्यालेली ती. भीतीपोटी तिने काय केलं होतं, तर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या, आणि कपाळावरच्या कुंकवावर दर घटकेला आणखी कुंकू लावत लावत ते भुवईपासून भांगापर्यंत नेलं होतं. पाठीवर वेणी जशीच्या तशी. "बाबा," एवढंच ती म्हणाली.

तात्यासाहेब उंबऱ्यावर बसले. उंबऱ्यावर बसू नये असं त्यांना सांगायचं आत्याबाईंनाही सुचलं नाही. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली, लेकीच्या कपाळाकडे पाहिलं, आणि लहान मुलासारखे रडू लागले. खांदे हलत होते. नाक गळत होतं. मिशा भिजल्या. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि ते तिच्या बांगड्या एकेक चाचपून पाहत होते. मला त्या माणसाबद्दल कधी माया वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. माझेही डोळे भरून आले. (माळ्यावर आमसुलांचा खकाणा फार होता.)

"रडले!" आत्याबाई अंगणात धावल्या. "विसूभाऊ, बघा, ऊन आहे! झावळीवर अजून ऊन आहे! झालं! वाचला माझा नारायण!"

मला उतरवलं. मी कोळिष्टकांनी माखलेला, घामाने निथळलेला, धोतराला आमसुलाचे डाग. मला वाटलं, तात्यासाहेब उठतील, निदान खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हरवलेली छत्री कोनाड्यात सापडावी तसं म्हणाले, "असं होय. इथेच आहात तर." आणि पुन्हा लेकीकडे वळले. रात्री जेवताना माझ्याशी ते एकच वाक्य बोलले. ओवा घ्या म्हणाले.

ते अश्रू धरायचे की नाही, ह्यावर विसूभाऊंनी नंतर शंका काढली. कारण तात्यासाहेब रडले तेव्हा जावई जिवंत आहे हे त्यांना कळून चुकलं होतं. आत्याबाईंनी निकाल दिला, की पाणी ते पाणी, सूर्याने पाहिलं, संपलं. कुटुंब त्या रात्री शांत झोपलं, त्यामुळे मीही तो निकाल मानला. आणि मी अजून जिवंत आहे, तेव्हा आत्याबाईंचंच बरोबर असणार.

"सासऱ्याने जावयासाठी एवढं रडावं! केवढं तुझं भाग्य!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि मी मान डोलावतो. पण तात्यासाहेबांचे डोळे कुठे लागले होते ते मी माळ्यावरून, दुर्बीण नसताना, अगदी स्पष्ट पाहिलं आहे. लोक मला कुंकवाचा धनी म्हणतात. धनी कसला! मी त्या करंड्याचं झाकण आहे. हरवलं तर आतलं सांडतं, म्हणून जपून ठेवायचं, एवढंच!